डकोटाच्या पोटातले मणी

संघपाल तेलगोट्यांच्या घरी विमान बनतंय हे अकोल्यातल्या साऱ्या कौलखेडला माहीत होतं. ते उडणार नाही, हेही माहीत होतं. त्यामुळे जाता-येता चौकशी करणाऱ्यांचा उत्साह लवकरच आटला आणि मग त्या विमानाशी संबंध असलेली दोनच माणसं उरली. एक ते बनवणारा संघपाल आणि दुसरी त्यापायी जेवणाचं टेबल गमावलेली त्याची बायको पौर्णिमा.

विमान म्हणजे प्लास्टिकचं मॉडेल. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. हे होतं जुनं डकोटा, दोन पंख्यांचं, खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पटीनं लहान. सरळ माणसानं मनावर घेतलं तर महिन्याभरात संपणारं काम. पण खोक्यात विमानाच्या आतलं असं जवळजवळ काहीच नव्हतं. दोन खुर्च्या आणि एक फळी, बाकी पोट रिकामं. संघपालला ते सहन होईना. वैमानिकाला पट्टा नको? समोरच्या तक्त्यावर काटे नकोत? तारा, नळ्या, गाद्या नकोत? आतलं सगळं आपण आपल्या हातानं घडवायचं असं त्यानं ठरवलं, आणि त्या दिवसापासून तेलगोट्यांच्या घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

आधी मिक्सर गेला. तो बिघडला होता खरा, पण दुरुस्तीला जाण्याऐवजी टेबलावर उघडला गेला, कारण त्याच्या मोटारीतली बारीक तांब्याची तार विमानाच्या वायरिंगला अगदी योग्य होती. मग पौर्णिमाच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटांची चांदी गेली. तिचे वैमानिकाचे पट्टे झाले आणि गोळ्या वाटीत आल्या. भुवया कोरायचा चिमटा गेला. घर झाडायच्या फड्यातल्या निवडक काड्या गेल्या, त्यांच्या विमानात नळ्या झाल्या. तिच्या ठेवणीतल्या पर्सच्या आतलं अस्तर खुर्चीच्या गादीला लागलं. ती पर्स वरून जशीच्या तशी दिसत होती, हे संघपालचं त्यावरचं स्पष्टीकरण.

पौर्णिमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं एकदा अगदी शांतपणे विचारलं, "हे सारं आत जाईन. वरून झाकण लागन. मंग कोणाले दिसन?"

"नाई दिसणार," संघपाल म्हणाला. "पण आहे हे आपल्याले माहीत आहे ना."

वर्गात असं उत्तर देणाऱ्या पोराला पौर्णिमानं बाकावर उभं केलं असतं. नवऱ्याला कुठे उभं करायचं हे न सुचल्यामुळे ती स्वयंपाकघरात गेली आणि पाट्यावर लसूण वाटायला बसली.

विमानाचा हा नाद संघपालला बापाकडून आला होता. देवमन तेलगोटे पातूरकडच्या गावात शेती करायचे. डोक्यावरून विमान चाललं की तिफण थांबवून ते दिसेनासं होईपर्यंत वर बघायचे आणि बायकोला म्हणायचे, "चतुरा, पाय, एक दिवस तुले याच्यात बसवतो." त्यावर चतुराबाई त्यांना घरी जायची बैलबंडी आधी नीट करायला सांगायच्या. देवमनराव गेले, विमानात कोणी बसलं नाही. त्यांनी हौसेनं बायकोला घडवलेली एक पोत तेवढी मागे राहिली. काळ्या मण्यांची, मधे सहा टपोरे सोन्याचे मणी. चतुराबाईंनी ती थोरल्या सुनेच्या, म्हणजे पौर्णिमाच्या गळ्यात घातली आणि स्वतः धाकट्या मुलाकडे, प्रीतमकडे, अमरावतीला राहायला गेल्या. मात्र सून भेटली की म्हातारीची नजर आधी तिच्या गळ्याकडे जायची आणि मग चेहऱ्याकडे.

संत्र्यांच्या दिवसांत पौर्णिमा वरूडला माहेरी जाऊन येते. यंदा निघायच्या आदल्याच दिवशी त्या पोतीचा दोरा तुटला. पटव्याकडे जाऊन गाठवून आणायला वेळ नव्हता आणि कॉलनीत तर चोऱ्या चालल्या होत्या. आता पौर्णिमाच्या माहेरची एक रीत अशी की, गावाला जाताना सोनं कपाटात म्हणून ठेवायचं नाही. चोर आधी कपाटाकडेच जातो. सोनं घरभर विखरायचं, आणि तेही जिथे कोणी ढुंकून पाहणार नाही अशा जागी. त्याप्रमाणे तिच्या बांगड्या ज्वारीच्या कोठीत गेल्या, कानातले तुरीच्या डाळीत गेले. संघपाल घरी राहणार होता, पण त्याचा राखणीला उपयोग नव्हता. तो दिवसा कचेरीत असायचा आणि संध्याकाळी विमानाला बसला की चोरांनी फ्रिज उचलून नेला तरी त्यानं फक्त दार ओढून घ्यायला सांगितलं असतं.

मण्यांसाठी घरातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू शोधताना पौर्णिमाची नजर साहजिकच नवऱ्याच्या डबीवर गेली. मलमाची जुनी पत्र्याची डबी होती ती. तिच्यात टाचण्या, तुटकी बटणं, घड्याळाचे काटे असला ऐवज असायचा. तिनं सहा मणी त्यात टाकले आणि झाकण लावलं. नवऱ्याला अर्थात सांगितलं नाही. मागे एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक माणूस आला होता, त्याला संघपालनं गप्पांच्या ओघात सांगून टाकलं होतं की आमच्याकडे कपाट नुसतं नावाला आहे, सोनं सारं डाळीत असते.

इकडे संघपाल ऑक्सिजनच्या टाक्यांपाशी अडला होता. कुठल्याशा जुन्या फोटोत त्याला वैमानिकाच्या मागच्या कप्प्यात गोल टाक्यांची एक रांग दिसली होती आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. त्यानं साबुदाणा लावून पाहिला, तो रंग लागताच विरघळला. मोहरी फार बारीक निघाली, वाटाणा फार मोठा. बायको वरूडला गेल्यावर एके संध्याकाळी टाचणी शोधायला त्यानं डबी उघडली, तर आत सहा गोल मणी. सारखे, गुळगुळीत आणि तार ओवायला आरपार भोकसुद्धा असलेले. नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलीच्या, पिंकीच्या लहानपणीच्या एखाद्या माळेतले आपणच कधीतरी जमवून ठेवले असतील, असं त्यानं धरून चाललं. अशा वेळी माणूस फार खोलात जात नाही.

मण्यांत एकच खोट होती. ते फार चमकत होते. पितळेची ही चमक त्याला अगदी खोटी वाटली. म्हणून त्यानं त्यांना मळकट हिरवा रंग दिला, वर कडांना थोडी काजळी फासली, आणि ते जुने-पुराणे दिसायला लागले तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. घरातला सगळ्यात चिवट गोंद लावून त्यानं ती रांग आत बसवली. मोबाइलवर फोटो काढले. मग विमानाच्या पोटाचे दोन्ही अर्धे भाग जोडले, सांधा घासून बुजवला, वरून चंदेरी रंग दिला. आता त्या बारक्या खिडक्यांतून आत फक्त अंधार दिसत होता.

हे सगळं वेळेत उरकायचं कारण असं होतं की अमरावतीच्या एका छंद मंडळानं मॉडेलांची स्पर्धा ठेवली होती. शहराजवळच्या बेलोऱ्याला प्रवासी विमान उतरायला लागल्यापासून अमरावतीकरांच्या अंगात विमान शिरलं होतं, आणि अकोलेकर म्हणून संघपालला ते थोडं सलतही होतं. पण त्या स्पर्धेत "आतील काम" या नावाचं एक वेगळं बक्षीस होतं. जगात कोणीतरी आतल्या कामाला बक्षीस देतं, हे वाचून त्याला भरून आलं. शाळेपासून आजवर त्याला वक्तृत्व, कॅरम, चमचा-लिंबू कशातही बक्षीस मिळालं नव्हतं. हे मिळावं असं त्याला फार वाटत होतं. योग असा की स्पर्धेच्या रविवारीच संध्याकाळी अमरावतीत प्रीतमच्या मुलीचा, मोनालीचा साखरपुडा, इकडच्या भाषेत साक्षगंध, होता.

शनिवारी संध्याकाळी संघपाल बुटांना पॉलिश करत बसला असताना पौर्णिमा डबी घेऊन बाहेर आली. वरूडहून आल्यावर बाकीचं सोनं तिनं बाहेर काढलं होतं, मणी मात्र सुरक्षित आहेत म्हणून तिथेच राहू दिले होते. आता साक्षगंधासाठी पोत गाठवून घ्यायची होती.

"अवो, याच्यातले मणी कुठी आहे?"

"ते लागले," संघपाल मान वर न करता म्हणाला.

"कुठी लागले?"

"विमानात. टाक्या केल्या त्याच्या. पितळेचे होते म्हणून हिरवा रंग मारा लागला, नाई त लय चमकत होते."

पौर्णिमा हळूच खुर्चीवर बसली. "आत्याबाईच्या पोतीचे मणी होते ते," ती म्हणाली. "सोन्याचे."

संघपालच्या हातातला ब्रश बुटावरच थांबला. पौर्णिमा उठली आणि सरळ सुरी घेऊन आली. तोवर तो टेबलासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला होता. पुढची चर्चा बराच वेळ चालली. पन्नाशीला आलेल्या माणसाला सोनं आणि पितळ यांतला फरक कळू नये याचं तिला नवल वाटत होतं. सोनं टाचण्यांत ठेवायचं हे कोणत्या शहाण्याला सुचतं, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण सुरी तिच्याकडे असल्यामुळे त्यानं ते गिळलं. गळ्यात पोत नसताना सासूसमोर जाण्यापेक्षा आपण साक्षगंधालाच येत नाही, असं ती म्हणाली. ते ऐकून संघपालला स्वतःची लाज वाटली.

शेवटी तोडगा निघाला. स्पर्धा दुपारपर्यंत संपणार होती. निकाल लागला की विमान घेऊन तडक प्रीतमच्या घरी जायचं, ते फोडायचं, मणी काढायचे, अमरावतीच्या पटव्याकडून पोत गाठवून घ्यायची आणि संध्याकाळी गळ्यात घालायची. विमान फोडायचं हे शब्द संघपालला दोनदा सुरुवात करून उच्चारावे लागले, पण बक्षीस तरी हातात असेल अशी त्यानं मनाची समजूत घातली.

मणी नेमके कुठे आणि कसे चिकटवले आहेत ते बघायला पौर्णिमानं त्याचा मोबाइल घेतला. एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून ती शोधत राहिली, आणि अशा रीतीनं त्या विमानाचं पोट तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मणी सापडले. ते सापडेपर्यंत आपल्या घरातलं बाकीही बरंच काही तिला त्यात सापडलं होतं. अस्तरापाशी आल्यावर तिनं मोबाइल खाली ठेवून नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त विमानाचं खोकं पौर्णिमाच्या मांडीवर होतं. मूर्तिजापूरला शेजारी येऊन बसलेल्या माणसानं खोक्यात काय आहे असं विचारलं. संघपालनं कौतुकानं तोंड उघडलं, तेवढ्यात पौर्णिमानं काचेची भांडी आहेत असं सांगून नवऱ्याला खिडकीबाहेर बघायला लावलं. खड्डा आला की ती खोकं हवेत उचलून धरायची. पिंकी तान्ही असतानाही हिनं इतकं जपलं नव्हतं, असं संघपालला वाटून गेलं, आणि तसं वाटल्याचं त्यानं कोणाला सांगितलं नाही.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. टेबलांवर विमानं, जहाजं, रणगाडे मांडले होते आणि बघ्यांची चांगली गर्दी होती. बाकीच्या टेबलांमागे मॉडेल बनवणारे उभे होते. डकोटाच्या टेबलापाशी पौर्णिमा खुर्ची टाकून बसली. कोणी बोट पुढे केलं की तिचा शाळेतला आवाज निघायचा, "हात मागं. लांबून पाहा. एकेक जण या." थोड्याच वेळात तिच्या टेबलासमोर आपोआप रांग लागली. रांग आहे म्हणजे काहीतरी खास असणार म्हणून माणसं मागे उभी राहत गेली. काहींनी तर तिला आयोजक समजून पिण्याच्या पाण्याची सोय कुठे आहे ते विचारलं, आणि तिनं ती सांगितली.

परीक्षक म्हणून केशवराव होते. हवाई दलाच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, हातात टॉर्च आणि भिंग. त्यांनी डकोटाचे पंख पाहिले, रंग पाहिला, मान डोलावली आणि मग खिडकीला टॉर्च लावली. काचेवर टॉर्चच्याच उजेडाचा डाग दिसला, आत काही दिसेना.

आत काय केलंय असं त्यांनी विचारलं. संघपालनं घाईघाईनं सगळं सांगितलं आणि मोबाइल पुढे केला. केशवरावांनी तो हातानंच बाजूला सारला. फोटो कोणाचेही असतात, गेल्या वर्षी एका पठ्ठ्यानं जर्मनीतल्या माणसाचं विमान स्वतःचं म्हणून दाखवलं होतं, म्हणून यंदा फोटो बंद.

"तुमी केलं असन जी," ते म्हणाले, "पण मले दिसत नाई, त्याले मी मार्क कसे देऊ?"

आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. आत आहे हे आपल्याला माहीत आहे, हे घरी म्हणायला ठीक होतं. परीक्षकासमोर त्याचा काही उपयोग नव्हता. इतक्या महिन्यांची मेहनत त्या अंधारात पडून होती आणि ती बाहेर आणायला त्याच्याकडे एक शब्द नव्हता.

"थांबा," पौर्णिमा म्हणाली. रांगेसकट सगळे थांबले. "आत आहे. मले माहीत आहे."

"तुमी कोण?"

"मी यांची बायको. तुमी लिहून घ्या, मी सांगतो एकेक. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे माह्या बीपीच्या गोळ्यांच्या चांदीचे आहे. सकाळची गोळी कोणती अन् संध्याकाळची कोणती, मले समजेनासं झालं. त्याच्या मागं तांब्याच्या तारा आहे, त्या माह्या मिक्सरच्या. मी तवापासून पाट्यावर वाटून राहिली. डाव्या बाजूनं ज्या नळ्या गेल्या, ते माह्या फड्याच्या काड्या. माहा फडा आता टकला झाला. गाद्या आहे त्या निळ्या, त्याच्यावर बारीक पांढरे ठिपके. ते माह्या पर्सचं अस्तर. लगनातली पर्स होती ती. मी आता त्याच्यात पैसे टाकले की बाहेर पडते. अन् त्याच्या मागं सहा—"

इथे ती एकदम थांबली. भर सभागृहात पुढचं बोलण्यासारखं नव्हतं. तिनं एक हात विमानाच्या शेपटीवर ठेवला. "त्याच्या मागं अजून लय आहे," ती म्हणाली.

केशवरावांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवली. त्यांच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि खरी तक्रार त्यांना ऐकताक्षणी ओळखू यायची. ते सहकाऱ्याला म्हणाले की फोटो खोटा असू शकतो, पण हे खोटं असू शकत नाही, आणि त्यांनी मार्क लिहिले.

आतील कामाचं पहिलं बक्षीस संघपाल तेलगोट्यांना जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. संघपालला हात कुठे ठेवावेत ते समजेना. आणि तेवढ्यात मंडळाच्या चिटणिसांनी जाहीर केलं की बक्षीस मिळालेली मॉडेलं तीन दिवस काचेच्या कपाटात ठेवली जातील, शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं मिळतील. मॉडेल ज्याला आजच परत न्यायचं असेल त्याचं बक्षीस पुढच्या नंबराला जाईल.

संघपालनं पौर्णिमाकडे पाहिलं. पौर्णिमानं त्याच्याकडे पाहिलं. बक्षीस जाहीर झाल्यावरचा त्याचा तो चेहरा तिनं लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. तिनं रिकामं खोकं टेबलाखाली सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "राहू द्या. सांगतो आत्याबाईले काहीतरी. पटव्याकडे देल्ली म्हणतो."

पण चतुराबाईंना ती काय सांगणार होती, आणि त्यांना ते किती पटणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शिवाय संघपालला राहून राहून एकच आठवत होतं. आत आहे, मला माहीत आहे, असं त्याच्या बाजूनं चार लोकांत उभं राहून आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली होती. त्यानं पुढे होऊन विमान उचललं, खोक्यात ठेवलं, आणि चिटणिसांना पुढच्या नंबराचं नाव विचारून त्याचं अभिनंदनही करून आला. सभागृहाबाहेर येईपर्यंत त्यानं धीर धरला. बाहेर आल्यावर त्याला फार वाईट वाटलं आणि पौर्णिमानं ऑटोत त्याच्या मांडीवर खोकं ठेवू दिलं.

या सगळ्या घोळात दुपार कधीच उलटून गेली होती. उद्या रविवार आहे हे आदल्या दिवशी दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे पटव्याचं दुकानही बंद निघालं. ते प्रीतमच्या घरी पोचले तेव्हा मुलाकडची मंडळी येऊन बसली होती. चतुराबाई मधोमध खुर्चीवर होत्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचंही स्वच्छ दिसायचं.

"पौर्णिमा," त्या तिथूनच म्हणाल्या, "गळा काहून उघडा आहे वं?"

पौर्णिमानं पदर सारखा केला आणि पटव्यापासून सुरुवात केली, पण तिची जीभ अडखळली. तेव्हा संघपाल पुढे झाला. चूक माझी आहे असं म्हणून त्यानं आईला डबी, चमक, हिरवा रंग आणि बक्षीस सगळं सांगून टाकलं. एखादी गोष्ट पोटात न राहण्याचा त्याचा गुण आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला. मुलाकडची मंडळी चहा हातात धरून ऐकत होती. मोनालीच्या होणाऱ्या सासऱ्यानं बिस्किट बुडवलं होतं, ते कपातच राहिलं.

"आण इकडं. उघड," चतुराबाई म्हणाल्या.

संघपालनं ब्लेड मागितलं. सांध्यावरून ते सावकाश फिरवलं. बारीक कट्‌ असा आवाज झाला आणि भुईमुगाची शेंग उघडावी तसं डकोटा दोन भागांत उघडलं. सगळ्या बायका खाली वाकल्या. मग कोणीतरी तो इवलासा पट्टा दाखवला, कोणाला तक्त्यावरचे काटे दिसले, आणि एकच कुजबुज सुरू झाली. खुर्च्या, तारा, नळ्या, निळ्या गाद्या. परीक्षकाला न दिसलेलं सगळं आता प्रीतमच्या बैठकीत चाळीस माणसं बघत होती आणि प्रत्येक वस्तू कुठून आली ते पौर्णिमा त्यांना सांगत होती. तिच्या आवाजातली तक्रार कधी गेली ते तिचं तिलाही कळलं नाही.

चतुराबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. त्यांचं बोट त्या मळकट हिरव्या रांगेवर येऊन थांबलं.

"हेच काय ते?"

"हो, माय. काढतो मी. रंग निंघून जाईन."

"थांब." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुहा बाप म्हणे, एक दिवस तुले विमानात बसवतो. मले काही बसवलं नाई त्यानं. पण त्यानं घडवलेले मणी बसले. आता उतरवू नको त्याईले. लाव ते झाकण."

संघपालच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. पौर्णिमानं खाली वाकून सासूचे पाय धरले. चतुराबाईंनी स्वतःच्या गळ्यातली चेन काढून सुनेच्या गळ्यात घातली, वर साक्षगंध उरकल्यावर आठवणीनं परत द्यायलाही बजावलं.

झाकण लावायचं तर गोंद सुकेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून धरणं भाग होतं, आणि तिकडे अंगठ्या घालायची वेळ होऊन गेली होती. त्यामुळे मोनालीच्या साक्षगंधाच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाचे वडील मांडीवर विमान दाबून धरून बसलेले दिसतात. त्यांचा चेहरा गंभीर आहे, कारण पौर्णिमानं त्यांना हलायचं नाही असं सांगितलं होतं.

अकोल्याला परत आल्यावर संघपालनं शोकेसमधली एक फळी रिकामी केली. मागे दिवा लावायचा, खाली आरसा ठेवायचा, असं त्याचं सगळं ठरलं होतं. सोमवारी तो कचेरीतून आला तेव्हा फळी तशीच होती आणि विमान कुठेच नव्हतं. त्यानं टेबलाखाली पाहिलं. माळ्यावर पाहिलं. ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला.

"अवं, विमान कुठी आहे?"

"आहे घरातच," पौर्णिमा पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"घरात कुठी?"

"ते तुमाले काहून पायजे? सकाळीच तुमी दूधवाल्याले सांगून राहिले होते, आमच्या विमानात सोनं आहे म्हणून. म्या ऐकलं."

संघपाल दारातून हलला नाही. आपलं म्हणणं रास्त आहे असं त्याला अजूनही वाटत होतं. "पण मले ते दिसून नाई राहिलं ना," तो म्हणाला.

"नाई दिसणार," पौर्णिमानं पोळी उलटली. "पण आहे हे आपल्याले माहीत आहे ना."